लाल फडक्याचा डबा

"लाल डबा कुणी नेला गं?"

चक्कीचा नवा पट्टा खांद्यावरनं खाली टाकत मी विचारलं. शैला, म्हणजे आमची मंडळी, आतल्या खोलीत नाकाला पदर बांधून मिरची कांडत होती. तिथनंच ओरडली, "लाल म्हणजे कल्पनाताईंनीच की! दुसरं कोण नेणार?"

"तू बघितलंस का नेताना?"

"मी कशाला बघू? बघायला लागू नये म्हणूनच फडकी बांधलीत ना!"

तिला शिंक आली, मग कांडपाचा आवाज परत सुरू झाला.

समोरच्या फळीवर निळ्या फडक्याचा डबा एकटाच बसला होता. मी त्याचं झाकण काढलं. चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, माठातल्या पाण्याचे दोन थेंब टाकले, अंगठ्यानं मळून गोळी केली आणि ओढून बघितली. गोळी जरासुद्धा ताणली नाही, लगेच तुटली. गहू मिसळलेला असता तर थोडी तरी लांबली असती. ही निव्वळ ज्वारी होती.

म्हणजे गहू मिसळलेला डबा गेला होता. लाल फडकं बांधून.

घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.  मी तिथंच पोत्यावर बसलो.

"पट्टा मिळाला का?" आतनं आवाज आला.

"मिळाला."

"मग चढवा की लवकर. चार डबे खोळंबलेत."

"नट राहिला दुकानात. आलो लगेच."

नट माझ्या खिशात होता. हाताला टोचत होता.

एवढं घाबरण्यासारखं काय झालं होतं, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, पिठाच्या डब्यापायी हा गडी एवढा का थरथरतोय.

आमची गिरणी बार्शीत. ही गोष्ट वीसएक वर्षांपूर्वीची. तेव्हा गिरणीत पाटी नव्हती, वही नव्हती, चिठ्ठी नव्हती. सगळं माझ्या डोक्यात. कुणाचा डबा कुठला, कुणाला बारीक, कुणाला जाड, कुणाच्या डाळीच्या पिठात मेथीचे चार दाणे टाकायचे, सगळं मला पाठ. बायका म्हणायच्या, "मधुभाऊ म्हणजे कॉम्प्युटर आहे." मी म्हणायचो, "कॉम्प्युटरला लाइट लागते, मला चहा लागतो." आणि हातासरशी खोड्या. एका नव्या जावयाच्या डब्यात पिठाखाली पिपाणी पुरून ठेवली होती. सासूबाईंनी परातीत पीठ उपसलं तर आतनं पिपाणी निघाली. आठवडाभर सगळी गल्ली त्याला पिपाणीवाले जावई म्हणत होती. माझ्याशिवाय गिरणीचं पान हलत नव्हतं, आणि त्याचा मला फार माज होता.

मग मला कावीळ झाली. तीन आठवडे खाटेवर. शैला एकटी गिरणीत उभी राहिली. पहिल्या चार दिवसांत कुणाच्या चपातीत बेसन गेलं, कुणाच्या उपासाच्या पिठात बाजरी गेली, गिरणीच्या दारात भांडणं लागली. पाचव्या दिवशी तिनं आपल्या जुन्या साड्या काढल्या आणि फाडल्या. पांढरं फडकं गव्हाला, पिवळं डाळीला, हिरवं उपासाला, निळं मिसळीला. डबा आला की धान्य बघून फडकं कडीला बांधायचं, दळण झालं की त्या त्या रंगाच्या फळीवर ठेवायचं. गहू मोठ्या चक्कीत. छोट्या चक्कीत गव्हाचा दाणा जायचा नाही, मग आभाळ कोसळलं तरी. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, ते भिंतीवर खडूनं लिहिलेलं. गिऱ्हाईक यायचं, आपला रंग बघायचं, डबा उचलायचं, चालू पडायचं. कुणाला काही विचारायचं नाही.

मी बरा होऊन परत आलो तर गिरणी घड्याळासारखी चालली होती. बायका मला म्हणाल्या, "मधुभाऊ, आता कसं निवांत बसा तुम्ही." वाटलं, हिनं तर आपल्याला निवृत्तच केलं.

आणि लाल फडकं? ते एकच होतं. कल्पनाताई सुरवसेंच्या डब्याचं. त्यांचे मालक विलासराव एसटीत ड्रायव्हर, चार-चार दिवस बाहेर. त्यांची सहा वर्षांची पोरगी, रेवा. त्या पोरीला गहू चालायचा नाही. चालायचा नाही म्हणजे पोट दुखतं वगैरे नव्हे. दोन वर्षांची असताना कुणीतरी लाडानं बिस्कीट दिलं, तर अंग सुजलं, घसा आवळला, चार दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चिमूटभर गहूसुद्धा पुढच्या वेळी जिवावर बेतेल. घरात सगळ्यांचीच ज्वारीची भाकरी. म्हणून लाल डबा दर शनिवारी सकाळी सगळ्यात आधी, छोट्या चक्कीत, चक्की उघडून पुसून, वर त्यांचीच मूठभर ज्वारी दळून बाहेर टाकायची आणि मग डबा. शैलानं कल्पनाताईंना शब्द दिला होता, "ताई, लाल फडकं दिसलं की डोळे झाकून उचला."

आता खोत गुरुजी. निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या दातांना कडक भाकरी झेपत नव्हती, म्हणून ते चार किलो ज्वारीत किलोभर गहू घालून दळायचे. निळं फडकं. दिसायला पीठ तसंच, पांढरंफटक. आणि गुरुजींना त्या लाल फडक्याचा भारी हेवा.

"मध्या," आदल्याच दिवशी म्हणाले होते, "लाल फडकेवाल्यांचं आधी, आमचं मागनं. का रे? पस्तीस वर्षं पोरं शिकवली, आम्हाला साधं एक लाल फडकं नाही?"

"उद्या तुम्हाला लाल, गुरुजी. माझा शब्द."

"चेष्टा करतोस?"

"तुमची? माझी काय टाप!"

शनिवारी सकाळी लाल डबा दळला, मग मोठ्या चक्कीत गुरुजींचा. दोन्ही डबे सारखेच, स्टीलचे, कडीचे. शैला आत मिरचीत. मी दोन्ही फडकी सोडली आणि अदलाबदल करून बांधली. दहा मिनिटांचा खेळ. गुरुजी शनिवारी बरोबर नऊला यायचे. लाल बघून त्यांची छाती फुगली असती, मी शैलाला हाक मारली असती, बघ म्हणालो असतो, तुझी फडकी किती आंधळी आहेत. हसलो असतो, गाठी परत सोडल्या असत्या, झालं.

नऊ वाजले, गुरुजी आले नाहीत. साडेनऊ झाले. आणि मोठ्या चक्कीचा पट्टा फाटकन तुटला. मी पट्टा आणायला गेलो. दुकानात त्या मापाचा नव्हता, गोदामातनं मागवला, दीड तास गेला. त्या दीड तासात फडक्यांचं मी पार विसरलो. खरं सांगतो, एकदासुद्धा आठवलं नाही.

तर सव्वाअकरा.

एक आशा होती. शैलानं नेताना बघितलं नव्हतं. लाल डबा गुरुजींनी नेला असेल तर? लाल फडकं दिसलं, खूष झाले आणि घेऊन गेले. असंच झालं असणार, असंच झालं असणार, म्हणत मी लुना काढली आणि आधी गुरुजींचं घर गाठलं.

गुरुजी खाटेवर पालथे पडले होते. कमरेवर गरम पाण्याची पिशवी.

"गुरुजी, डबा नेलात?"

"कसला नेतोय! कंबर धरलीय सकाळपासनं. तूच का नाही आणलास येताना?"

"नक्की नेला नाही?"

"मध्या, मी पालथा पडलोय, दिसत नाही का? ह्या अवस्थेत मी डबा..." ते थांबले. मान वळवून माझ्याकडं बघितलं. "तुला काय झालंय? थोबाड पांढरं का पडलंय?"

"पीठ लागलंय."

"खोटं बोलू नकोस. काय नवीन खोडी केलीस?"

मी बाहेर पळालो. मागनं गुरुजी ओरडत होते, "आणि परत जाड दळलंस तर बघ!"

साडेअकरा. रेवाची शाळा शनिवारी सकाळची, साडेअकराला सुटायची. घर शाळेच्या मागंच. कल्पनाताई तिला गरम भाकरी तव्यावरनं ताटात वाढायच्या, हे मला माहीत होतं, कारण कल्पनाताई गिरणीत कौतुकानं सांगायच्या: "आमची बाई पापुद्र्याची वाफ बघितल्याशिवाय हात लावत नाही."

मार्केट यार्डाच्या रस्त्याला लागलो आणि समोर तुरीच्या पोत्यांचे ट्रॅक्टर. एकामागं एक, रस्ता गच्च. एका ट्रॉलीचं चाक गटारीत गेलेलं आणि दहा-बारा माणसं कमरेवर हात ठेवून त्या चाकाला सल्ले देत होती.

"ओ बाजूला व्हा! बाजूला व्हा ओ!"

"कुठं आग लागलीय का?" एकानं विचारलं.

एरवी त्याला असं उत्तर दिलं असतं की घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं त्यानं. त्या दिवशी लुना तिथंच भिंतीला टेकवली आणि पळत सुटलो. चप्पल एक कुठं गेली कळलं नाही. पळताना डोक्यात एकच हिशोब चालला होता, आत्ता शाळेच्या दारात असेल, आत्ता दप्तर टाकलं असेल, आत्ता हात धुवत असेल. देवाला म्हणत होतो, आज मास्तरांनी पोरांना कोंडून ठेवू दे, अंगठे धरून उभं करू दे, काय पण करू दे.

सुरवसेंच्या घराचं दार सताड उघडं होतं.

"कल्पनाताई!"

घरात कुणी नव्हतं. गॅस चालू, तव्यावर एक भाकरी काळी पडून धूर सोडत होती. खाली ताट. ताटात आमटी, आणि अर्धी भाकरी. बाजूला डबा उघडा, कडीला लाल फडकं. ताटाजवळचा पाण्याचा तांब्या कलंडलेला, पाणी पसरत पसरत दप्तरापर्यंत गेलेलं.

मी गॅस बंद केला. ते कसं सुचलं देव जाणे, हात आपोआप गेला. मग दोन्ही हात डोक्यावर ठेवून तिथंच उभा राहिलो. घशातनं कसला तरी आवाज येत होता, तो माझाच होता.

"कोण आहे?" शेजारच्या बारबोले काकू दारात आल्या. "मधुभाऊ होय? अहो, पोरीचं काहीतरी झालं. ओठ हे एवढे सुजले. श्वास घ्यायला लागली की छातीतनं शिट्टी वाजल्यागत. रिक्षातनं नेलं आत्ता दवाखान्यात."

"जिवंत होती?"

"तोंडातनं काय काढताय असलं!" काकूंनी तोंडावर हात ठेवला. "होती. डोळे उघडे होते. पण भाऊ, तुम्हाला कसं कळलं?"

मी परत पळालो, एका चपलेनं.

दवाखान्याच्या बाकावर कल्पनाताई बसल्या होत्या. रडत नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले, बोटांना मळलेलं पीठ वाळून चिकटलेलं. ते त्यांनी धुतलंही नव्हतं. आतलं दार बंद होतं.

"ताई..."

"सुई दिलीय," त्या म्हणाल्या. माझ्याकडं न बघता. "बाहेर थांबा म्हणाले."

मी समोरच्या भिंतीला टेकलो. आत काही वाजलं, भांडं पडल्यासारखं, की आम्ही दोघंही दचकायचो. एकदा नर्स बाहेर आली, धावत गेली, काहीतरी घेऊन परत आत गेली. कल्पनाताईंनी तिला विचारायला तोंड उघडलं तोवर दार लागलं. मी आयुष्यात लोकांना पुष्कळ घाबरवलंय. अंधाऱ्या बोळात उभा राहून, बाकाखाली फटाका लावून. घाबरलेल्या माणसाचं तोंड बघून पोट धरून हसलोय. त्या दिवशी समोर जे तोंड होतं ते बघवत नव्हतं, आणि दुसरीकडं बघायचीही हिंमत होत नव्हती.

थोड्या वेळानं शैला आली. बारबोले काकूंनी गिरणीत फोन केला होता. हाताला मिरची तशीच, डोळे लाल. ती सरळ कल्पनाताईंच्या पायाशी बसली.

"ताई, माझंच चुकलं असणार. फडकं मीच बांधते. दुसरं कुणी बांधत नाही. निळं नि लाल, माझ्याच हातनं... मिरचीच्या नादात... ताई, मी तुम्हाला डोळे झाकून न्या म्हणाले होते."

शैलानं हात पुढं केले.  कल्पनाताईंनी आपले पिठाचे हात मागं घेतले.

ते मी बघितलं. शैलाचे हात तसेच हवेत राहिले. मी बोलायला पाहिजे होतं. 

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. "श्वास सुधारलाय. आज नि उद्या इथंच ठेवू. वेळेत आणलंत बाई. अजून थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं."

कल्पनाताई तेव्हा रडल्या. शैलाही रडली. आणि मी बोललो.

"ताई, शैलाचं काही चुकलं नाही. फडकी मी बदलली. गुरुजींची गंमत करायला. मी पट्टा आणायला गेलो आणि विसरलो."

कल्पनाताईंनी डोळे पुसले. माझ्याकडं बघितलं, आणि काय म्हणाल्या माहितेय?

"दादा, बास. बायकोवरचं बालंट स्वतःवर घेताय, कळतंय मला. तुम्ही कितीही चावट असलात तरी माझ्या पोरीच्या डब्याशी असला खेळ नाही करणार."

"ताई, खरंच सांगतोय..."

"राहू द्या दादा."

आणि त्या पोरीपाशी आत गेल्या. जन्मभर लोकांना थापा मारल्या, सगळ्या खपल्या. पहिल्यांदा खरं बोललो तर बाई मला देवमाणूस समजून आत गेली. मी शैलाकडं बघितलं. तिला कळलं होतं. ती उठली, पदर नीट केला आणि बाहेर पडली.

संध्याकाळी गिरणी बंद होती. शैला वाटेत सुरवसेंच्या घरी थांबून तो डबा घेऊन आली होती. डबा पोत्यावर ठेवून ती कडीच्या फडक्याकडं बघत होती.

"गाठ तुमची आहे," ती म्हणाली. "पोत्याचं तोंड बांधायची. मी अशी बांधत नाही."

"सांगितलं ना मी. मीच केलं."

"ते कळलं. दुसरं विचारतेय. तुम्हाला कधी कळलं, डबा गेला म्हणून?"

मी तळहातावरचं वाळलेलं पीठ खरवडायला लागलो.

"तुम्ही मला विचारलंत, लाल डबा कुणी नेला. किती वाजता?"

"सव्वाअकरा असतील."

"रेवा जेवायला बसली पावणेबाराला. मी बारबोले काकूंना विचारलं." तिनं भिंतीकडं बोट केलं. खडूच्या यादीत सगळ्यात खाली, ठळक अक्षरात: लाल, सुरवसे. पुढं बारबोले काकूंच्या घरच्या फोनचा नंबर. "हा कशासाठी लिहून ठेवलाय मी? फोन कुठाय?"

फोन माझ्या कोपराशी होता. गोळी तुटल्यावर मी ज्या पोत्यावर बसलो, तिथनं हात लांब केला असता तर लागला असता.

"अर्धा तास होता तुमच्या हातात," शैला म्हणाली. "मी आत होते. दहा पावलांवर. तुम्ही नट आणायला जातो म्हणालात."

"घाबरलो होतो."

"कशाला?"

"तू बोलशील म्हणून."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"पोरगी मेली असती," ती म्हणाली, "मी बोलेन म्हणून."

तिसऱ्या दिवशी पोरगी घरी आली, आणि शैला मला घेऊन सुरवसेंच्या दारात गेली. "सगळं सांगा," एवढंच म्हणाली. रेवा आतल्या खोलीत गादीवर बसून बाहुलीला सुई टोचत होती. मी बाहेर चटईवर बसून सांगितलं. या वेळी वेळेसकट. सव्वाअकरा, फोन, नट, गुरुजींचं घर, सगळं.

कल्पनाताई ऐकत गेल्या. सव्वाअकरा आलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. या वेळी त्यांना खरं वाटलं.

"बारबोले काकू घरीच होत्या," त्या हळू म्हणाल्या. "फोनपाशी बसून वाती वळत होत्या. मी त्यांच्याशी खिडकीतनं बोलत पीठ मळत होते. पीठ चिवट लागतंय, असं म्हटलंसुद्धा मी. काकू म्हणाल्या, नवी ज्वारी असेल." त्या थांबल्या. "उठा दादा तुम्ही."

मी उठलो.

त्या दिवशी परत येऊन शैलानं खडू घेतला आणि यादीखाली एक ओळ वाढवली: चूक कळली की आधी ओरडायचं. कारण मागनं. मला म्हणाली, "हे तुमच्यासाठीच नाही. माझ्यासाठी पण. ओरडणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही, जोवर फोन होत नाही तोवर." मी मान हलवली. फडक्यांना हात लावायची मला बंदी झाली, ती निराळीच.

लाल फडकं खिळ्याला टांगून राहिलं. शनिवार येत होते, जात होते. चार महिने.

मग एका शनिवारी सकाळी सातला कल्पनाताई दारात उभ्या. हातात डबा. माझ्याकडं बघितलं नाही, शैलाकडं सरकवला.

"दुसऱ्या गिरणीत जात होते," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला विचारलं, तुमच्याकडनं कधी चूक झाली तर काय करता? तो म्हणाला, आमच्याकडं चूक होतच नाही." डबा खाली ठेवला. "म्हणून आले परत."

शैलानं फडकं बांधलं. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं दिवाळीतलं. गिरणीत मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी. आदल्या संध्याकाळी मोठी चक्की बिघडली होती, आणि एका बाईंची थालीपीठाची भाजणी अडकली होती. पाहुणे यायचे होते, बाई रडायच्या बेतात. शैला घरी स्वयंपाकात. मी म्हटलं, आणा इकडं, आणि छोट्या चक्कीत दळून दिली. भाजणीत गहू असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या घाईत डोक्यातनं गेलं.

सकाळी शैलानं नेहमीप्रमाणे छोटी चक्की पुसली, मूठभर ज्वारी दळून टाकली, लाल डबा दळला. पण आदल्या दिवशीच्या भाजणीला नुसतं पुसणं पुरत नाही. दगड उचलून झाडावे लागतात. तिला भाजणीचं माहीतच नव्हतं. कल्पनाताई डबा घेऊन गेल्या. मी मोठ्या चक्कीखाली पडून बोल्ट आवळत होतो, आणि तिथं पडल्या पडल्या मला भाजणी आठवली.

  दारात पंचवीस बायका, दिवाळीचा दिवस, आणि मागच्या खेपेला पोरगी वाचली होती ती नशिबानं. डोकं म्हणालं, गुपचूप जा, सायकलवर जा, रस्त्यात गाठ, दोनच मिनिटं झालीत, कुणाला कळणार नाही.

"चुकलं!" मी चक्कीखालनं बोंबललो. "लाल! माझं चुकलं! लाल डबा!"

पंचवीस माना चक्कीखाली वळल्या. मी बाहेर निघालो तर डोक्यापासनं पायापर्यंत तेल नि पीठ. शैलानं हातातला डबा खाली ठेवला, फोन उचलला, नंबर फिरवला.

"काकू, मी गिरणीतनं शैला. कल्पनाताई पोचल्या की डबा उघडू देऊ नका. हो. नाही, उघडायचाच नाही. मी दुसरा दळून पाठवते."

ठेवला फोन. छोटी चक्की उघडली, दगड उचलले, आतनं ब्रश फिरवला. घरातली आमच्यासाठीची ज्वारी काढून दळायला लावली. मग रांगेतल्या बाईंकडं वळून म्हणाली, "हं, तुमचं बारीक का मध्यम?"

काय झालं, कसं झालं, कुठली भाजणी, एक शब्द विचारला नाही. कारण मागनं, असं भिंतीवर तिनंच लिहिलं होतं. मी दिवसभर बोल्ट आवळत राहिलो आणि दर दोन मिनिटांनी तिच्याकडं बघत राहिलो, आत्ता विचारेल, आत्ता विचारेल म्हणून.